स्किझोफ्रेनिया आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा

(वारंगा फाटा, जि. हिंगोली येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात, पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे अशी न ढळणारी खात्री होणे, बोलण्यातला दुवा तुटणे आणि हळूहळू कामातून, माणसांतून, स्वतःच्या अंघोळ-जेवणातूनही मन उडणे ही त्याची मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या कोणत्याही गावात पंधरा-एक रुग्ण असू शकतात. त्यांतले किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात हा वेगळा आणि अधिक दुखरा प्रश्न आहे.

आजवरची बहुतेक औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर कमी करतात. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णालयांतली हजारो माणसे घरी परतू शकली. त्या औषधांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण आवाज आणि संशय यांच्यावर ती जितकी चालतात तितकी उदासीनता, विचारांची मंदता आणि एकलकोंडेपणा यांच्यावर चालत नाहीत, आणि बऱ्याच रुग्णांना त्यांचा पुरेसा गुण येत नाही. शिवाय डोपामिन वाढते हे कळले तरी ते मुळात का वाढते, याचे उत्तर मिळत नाही. त्या ‘का’चा माग काढताना संशोधक ज्या वाटांनी गेले, त्यांतली एक वाट शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकडे जाते.

मेंदूचा प्रतिकारयंत्रणेशी संबंध नाही असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या पेशी आणि मोठे रेणू सहजासहजी आत शिरत नाहीत. यावरून मेंदू हा प्रतिकारयंत्रणेपासून तुटलेला अवयव आहे असा निष्कर्ष काढला गेला होता. तो टिकला नाही. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये मायक्रोग्लिया या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. या मेंदूतच राहणाऱ्या प्रतिकारपेशी आहेत. गर्भ अगदी लहान असताना त्या पीतककोशातून निघून मेंदूत येतात आणि आयुष्यभर तिथेच राहतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ आणि फिनलंडमधील हेलसिंकी येथील गटांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूभोवतीच्या आवरणात लसीकावाहिन्या आहेत, आणि मेंदूतला द्रव त्यांतून मानेतल्या गाठींपर्यंत जातो. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या या वाहिन्या नाहीतच असे शिकवले जात होते.

प्रतिकारयंत्रणेचा मनावर परिणाम होतो हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. साधा ताप आला तरी माणसाला अन्न नकोसे होते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, झोप येत राहते. हा परिणाम जंतूंचा कमी आणि सायटोकाइन नावाच्या रेणूंचा अधिक असतो. प्रतिकारपेशी एकमेकींना आणि मेंदूला या रेणूंमार्फत निरोप देतात. काविळीच्या ‘सी’ प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉन हे असेच एक सायटोकाइन टोचत असत, आणि त्या उपचाराखाली अनेकांना गंभीर नैराश्य येई. मात्र, तात्पुरती मरगळ किंवा नैराश्य समजावून सांगणारा हा धागा स्किझोफ्रेनियासारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारापर्यंत पोहोचतो का, हे तपासूनच ठरवावे लागते.

संसर्गातून वेड येऊ शकते याचा पहिला भक्कम पुरावा उपदंशाने दिला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मनोरुग्णालयांत ‘जनरल पॅरेसिस’ झालेल्या रुग्णांची मोठी गर्दी असे. भव्यतेचे भ्रम, स्मृती जाणे, अखेरीस लुळेपणा आणि मृत्यू असा त्या आजाराचा प्रवास होता. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. त्याआधी या वेडाचे खापर चारित्र्यावर, वंशावर, मनाच्या दुबळेपणावर फुटत असे. व्हिएन्नाचे यूलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार केला. त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेनिसिलिन आले आणि हा आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. मनोविकारांच्या इतिहासात याहून आशादायक प्रकरण नाही. काही संशोधकांना स्किझोफ्रेनियाचेही असेच एखादे एकच कारण सापडेल अशी आशा वाटली. ती आशा फळली नाही, पण शोध वाया गेला नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबई इलाख्यात त्याने विशेष कहर केला. त्याच साथीनंतर बोस्टनमध्ये कार्ल मेनिंजर यांनी फ्ल्यूमागोमाग मनोविकार जडलेल्या रुग्णांचे वर्णन १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. काहींची लक्षणे स्किझोफ्रेनियासारखीच होती, तरी त्यांच्यातले बरेच जण पुढे बरे झाले. नंतर प्रश्न आईच्या पोटातल्या बाळाकडे वळला. हेलसिंकीत १९५७ च्या फ्ल्यूच्या साथीत जी बाळे गर्भावस्थेच्या मधल्या तिमाहीत होती, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण जास्त आढळल्याचे सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. त्यानंतरच्या अभ्यासांनी काही ठिकाणी दुजोरा दिला, काही ठिकाणी नाही. फ्ल्यूपुरता आज हा पुरावा अपुरा मानला जातो. जर्मन गोवर म्हणजे रुबेला याच्याबाबत तो अधिक ठोस आहे. १९६४ च्या अमेरिकेतील साथीत गर्भात असताना रुबेलाची लागण झालेल्या मुलांचा पाठपुरावा न्यूयॉर्कमध्ये झाला, तेव्हा मोठेपणी त्यांच्यातल्या सुमारे पाचांतील एकाला स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जातीचा विकार आढळला. अर्थात रुबेला गर्भाच्या मेंदूला इतरही अनेक प्रकारे इजा करतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. ती बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचे दोष टाळण्यासाठी होती, आणि तेवढे कारणही पुरेसे होते. मेंदूच्या विकासाचे संरक्षण हा तिचा आणखी एक, फारसा न सांगितला गेलेला लाभ आहे.

गर्भात नेमके काय होते, याचा शोध उंदरांवर लागला. कॅलिफोर्नियातील पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेत गाभण उंदरिणीला कोणताही जिवंत विषाणू न देता, विषाणूचा भास करून देणारा एक रेणू टोचला गेला. तिच्या शरीरात केवळ प्रतिकाराची खळबळ उडाली, आणि पिल्ले मोठी होऊन वेगळी वागू लागली. इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन रोखले तेव्हा तो परिणाम दिसेनासा झाला. म्हणजे जंतू गर्भापर्यंत न पोहोचतासुद्धा आईच्या प्रतिकाराचा मेंदूच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. हे वाचून कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. गरोदरपणात ताप येणाऱ्या स्त्रियांपैकी फार थोड्यांच्या मुलांना पुढे हा आजार होतो. विसाव्या शतकाच्या मध्यात थंड वागणुकीच्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असा सिद्धान्त काही मनोविश्लेषकांनी चालवला होता. तो चुकीचा ठरायला फार वर्षे गेली आणि तोवर असंख्य आयांनी तो बोजा वाहिला. तोच बोजा नव्या नावाने पुन्हा त्यांच्या डोक्यावर येता कामा नये.

सर्वांत मजबूत दुवा जनुकांच्या अभ्यासातून आला. स्किझोफ्रेनिया हा आनुवंशिकतेचा मोठा वाटा असलेला आजार आहे. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात आजाराच्या शक्यतेतला सुमारे ७९ टक्के फरक जनुकांमुळे असल्याचा हिशेब निघाला. तरीही एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत एकाला आजार असला तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्केच होते. जनुके शक्यता वाढवतात, निकाल देत नाहीत. हा आजार एका जनुकाचा नसून शेकडो जनुकांच्या लहान-लहान परिणामांची बेरीज आहे. २००९ मध्ये तीन संशोधक गटांनी हजारो रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा सर्वांत ठळक खूण सहाव्या गुणसूत्रावर दिसली. ती प्रतिकारयंत्रणेची बरीचशी सामग्री जिथे लिहिलेली असते त्याच भागात होती. अवयवरोपणाआधी ज्या एचएलए खुणा जुळवून पाहतात, त्यांची जनुकेही तिथेच आहेत. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासात १०८ जागा सापडल्या. त्यांतही हीच जागा पहिली होती.

पण त्या भागात शेकडो जनुके दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांतले नेमके कोणते, हे हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधील स्टीव्हन मॅककॅरल, त्यांचे विद्यार्थी अश्विन सेकर, बेथ स्टीव्हन्स, मायकेल कॅरल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले. २८,७९९ रुग्ण आणि ३५,९८६ निरोगी माणसांच्या माहितीवरून आणि मृत्यूनंतर जतन केलेल्या मेंदूच्या नमुन्यांवरून त्यांनी सी-४ या जनुकावर बोट ठेवले. सी-४ चे प्रथिन रक्तातल्या ‘पूरक’ प्रथिनांपैकी एक आहे. जंतूवर किंवा निकामी झालेल्या पेशीवर ही प्रथिने चिकटतात आणि त्यावरून भक्षक पेशींना काय गिळायचे ते कळते. माणसागणिक सी-४ च्या प्रती कमी-अधिक असतात आणि त्यांचे दोन प्रकार, ‘ए’ आणि ‘बी’, आहेत. ज्या रचनांमुळे मेंदूत सी-४ए अधिक तयार होते, त्या रचना असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो. सर्वांत जास्त धोक्याच्या रचनेतही तो सुमारे सव्वा पटच होतो.

सी-४ मेंदूत करते काय? लहानपणी मेंदूत चेतापेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि किशोरवयात त्यांतले बरेच कमी केले जातात. पेरणीनंतर शेतकरी जोमदार रोपे ठेवून बाकीची उपटतो, तशी ही मेंदूतली विरळणी आहे. ती अतोनात झाली तर स्किझोफ्रेनिया होत असावा, असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडला होता. तेव्हा त्याला यंत्रणेचा आधार नव्हता. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरस यांनी उंदरांत दाखवले की काढून टाकायच्या सिनॅप्सवर पूरक प्रथिने जाऊन बसतात. ती खूण पाहून मायक्रोग्लिया तो सिनॅप्स गिळतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसले. सी-४ चा शोध या दोन टोकांना जोडणारा ठरला. आजार किशोरवयाच्या अखेरीस का सुरू होतो, आणि रुग्णांच्या मेंदूच्या करड्या भागाची जाडी का घटलेली दिसते, या दोन्ही प्रश्नांना त्यातून एकच सुसंगत उत्तर मिळते. २०१९ मध्ये रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या मायक्रोग्लियांनी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त सिनॅप्स गिळल्याचेही आढळले.

याच जनुकाचे दुसरे अंग २०२० मध्ये समोर आले. सी-४ च्या प्रती जास्त असणे स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवते, पण ल्यूपस आणि शोग्रेन या स्वप्रतिकारजन्य, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारांचा धोका मात्र कमी करते. हे परिणाम पुरुषांत अधिक तीव्र असतात. ल्यूपस स्त्रियांत कितीतरी अधिक आणि स्किझोफ्रेनिया पुरुषांत थोडा अधिक का, याच्या उत्तराचा एक तुकडा इथे असावा. मेंदूला अपाय करणारे जनुक उत्क्रांतीत टिकून का राहिले, हेही यातून थोडे कळते. त्याने दुसरीकडे शरीराचे रक्षण केले आहे.

एवढ्यावरून स्किझोफ्रेनिया हा प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे असे म्हणणे मात्र उतावळेपणाचे होईल. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्णांच्या अभ्यासात २८७ जागा सापडल्या. त्या जनुकांचा वावर मुख्यतः चेतापेशींत आणि त्यांच्या सिनॅप्समध्ये होता. रक्तातल्या प्रतिकारपेशींत ती तशी एकवटलेली दिसली नाहीत. सी-४ चे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण ते इथे जंतूंशी लढण्याऐवजी मेंदूची रचना करण्याच्या कामात गुंतलेले असावे, असे वाटू लागते. प्रतिकारयंत्रणेची हत्यारे मेंदू स्वतःच्या घडणीसाठी वापरतो, हा या संशोधनाचा आजवरचा सर्वांत खोल निष्कर्ष आहे.

दुसरा मोठा दुवा एका वेगळ्याच आजाराने दिला, आणि रुग्णाच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा आहे. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेप दालमाऊ यांनी बारा स्त्रियांच्या आजाराचे वर्णन केले. सुरुवात डोकेदुखी आणि तापाने, काही दिवसांत भास, भीती, विचित्र वागणूक, मग झटके, तोंड-हातांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, बोलणे बंद होणे, शेवटी बेशुद्धी आणि श्वासाचा त्रास असा तो आजार होता. अकरा जणींच्या बीजकोशात आणि एकीच्या छातीत टेराटोमा नावाची गाठ होती. त्या गाठीत मज्जासंस्थेसारखी ऊती असते. तिच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए या ग्राहकांवर, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसत होत्या आणि ते ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावरून कमी होत होते. या ग्राहकांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध आधीपासून संशयित होता. केटामिन आणि फेन्सायक्लिडिन ही द्रव्ये नेमके हेच ग्राहक अडवतात आणि निरोगी माणसातही स्किझोफ्रेनियासारखी अवस्था आणतात. इथे तेच काम शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी करत होत्या. पुढे गाठ नसलेले रुग्णही आढळले, पुरुष आणि लहान मुलेही आढळली. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांच्या पाहणीत पाचांतील चार स्त्रिया होत्या. स्टेरॉइड, शिरेतून दिलेली इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे आणि गाठ असल्यास ती काढणे या उपचारांनी दोन वर्षांत सुमारे पाचांतील चार रुग्णांची प्रकृती चांगली सुधारली होती.

न्यूयॉर्कच्या पत्रकार सुझॅना कहालन यांना २००९ मध्ये हा आजार झाला. निदान होईपर्यंत त्यांच्यावर मनोविकाराचा शिक्का बसत चालला होता. डॉ. सुहेल नज्जार यांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागातच लिहिले. मेंदूच्या एका बाजूला सूज आहे हे त्यावरून कळले आणि पुढे उपचार झाले. २०१२ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि हा आजार डॉक्टरांबाहेरही माहीत झाला.

या आजाराची व्याप्ती किती, याबद्दल काटेकोर राहणे आवश्यक आहे. निव्वळ मानसिक लक्षणांवर थांबणारे रुग्ण फार थोडे असतात. ५७१ जणांच्या एका पाहणीत ते सुमारे ४ टक्के होते. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच मनोविकाराचा झटका आलेल्या २२८ रुग्णांच्या रक्तात सुमारे ३ टक्क्यांना एनएमडीए अँटिबॉडी आढळल्या. उलट काही प्रयोगशाळांना त्या निरोगी माणसांतही सापडल्या. म्हणून केवळ रक्तातल्या अहवालावर निदान करणे धोक्याचे आहे आणि पाठीच्या मणक्यातले पाणी तपासणे अधिक विश्वासार्ह. स्किझोफ्रेनियाचा जुना, वर्षानुवर्षांचा रुग्ण हा या आजाराचा रुग्ण असण्याची शक्यता फारच कमी आहे. कोणी त्याचे औषध बंद करून अशा तपासण्यांमागे धावू नये.

पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत भडकलेल्या मनोविकाराच्या पहिल्या झटक्याची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये तज्ज्ञांनी सहमतीने धोक्याच्या खुणा निश्चित केल्या. आधी ताप किंवा नवी, तीव्र डोकेदुखी होणे, झटके येणे, शुद्ध हरपत जाणे, बोलणे अचानक थांबणे, हातापायांच्या किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली, नाडी आणि रक्तदाब यांचा मेळ बिघडणे, मनोविकाराचे नेहमीचे औषध दिल्यावर अंग ताठ होऊन ताप चढणे या त्यांतल्या मुख्य. हेच चित्र गावात दिसले की ‘बाहेरचं’ झालं असे म्हणतात, देवऋषीला बोलावतात, अमावास्या-पौर्णिमेची वाट पाहतात. अंग झाडणारी, डोळे फिरवणारी, अचानक गप्प झालेली वीस वर्षांची मुलगी पाहून घरचे घाबरतात आणि त्या भीतीतून हे घडते, हे समजण्यासारखे आहे. पण या आजारात आठवडे फार मोलाचे असतात. २०१३ च्या पाहणीतही उपचार लवकर सुरू झालेल्यांची प्रकृती अधिक सुधारली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, डांबून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्याचा आधार इथेही आहे.

वारंगा फाट्यावरून एक रस्ता अर्धापूरमार्गे नांदेडला, एक आखाडा बाळापूर-कळमनुरीमार्गे हिंगोलीला आणि एक हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळकडे जातो. अशा रुग्णासाठी या तिन्ही रस्त्यांपैकी नांदेडचा रस्ता आधी घ्यावा. विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि वैद्यक विभाग एकाच आवारात असणे या आजारात फार महत्त्वाचे ठरते. सोबत जाणाऱ्याने ताप कधी आला, झटका कधी आला, बोलणे कधी बदलले हे तारखेसह सांगितले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

स्वप्रतिकारजन्य आजार आणि स्किझोफ्रेनिया यांचा संबंध लोकसंख्येच्या पातळीवरही दिसतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०११ च्या अभ्यासात मायकेल बेनरॉस आणि सहकाऱ्यांना आढळले की स्वप्रतिकारजन्य आजार असलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका २९ टक्क्यांनी, गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात राहिलेल्यांत ६० टक्क्यांनी आणि दोन्ही असलेल्यांत सव्वादोन पट वाढतो. गंमत अशी की संधिवाताच्या एका प्रकारात, ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हा संबंध उलटा आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत तो कमी आढळतो. अस्थिमज्जा बदलल्याने काय होते याचीही एक-दोन उदाहरणे नोंदली गेली आहेत. नेदरलँड्समध्ये एकाला स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाची अस्थिमज्जा दिल्यावर मनोविकार जडला. जपानमध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदललेल्या तरुणाचा जुना स्किझोफ्रेनिया ओसरला. ही एकेकटी उदाहरणे विचाराला चालना देतात, पण त्यांच्यावर उपचार उभा राहत नाही.

रक्तातल्या दाहाविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे, आणि पुरावा तिथेच सर्वांत विस्कळीत आहे. रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ आणि सीआरपी हे दाह दाखवणारे रेणू वाढलेले असतात, हे अनेक अभ्यासांत सापडले. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या अभ्यासात नवव्या वर्षी इंटरल्यूकिन-६ जास्त असलेल्यांत अठराव्या वर्षी भास-भ्रमांचे अनुभव जवळजवळ दुप्पट आढळले. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोनोजित देबनाथ, गणेशन वेंकटसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत सायटोकाइनांचा अभ्यास केला आहे. पण बिडी-सिगारेट, औषधांमुळे वाढणारे वजन, मधुमेह, कमी झोप, दारिद्र्य या सगळ्यांनीही हेच रेणू वाढतात, आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या आयुष्यात हे सगळे असतेच. मेंदूच्या पीईटी चित्रणातही सुरुवातीला मायक्रोग्लिया खवळल्याचे दिसले, नंतरच्या एकत्रित विश्लेषणात उलट निकाल आला. आज रक्ताची एकही तपासणी अशी नाही की जिच्यावरून एखाद्याचा स्किझोफ्रेनिया ‘दाहाचा’ आहे असे सांगता येईल.

म्हणूनच दाह शमवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. म्युनिकमध्ये २००२ साली रिस्पेरिडोनसोबत सेलेकॉक्सिब दिल्यावर, आणि नेदरलँड्समध्ये २०१० साली ॲस्पिरिन दिल्यावर लक्षणांत थोडी सुधारणा दिसली. मायक्रोग्लियांना शांत करणाऱ्या मिनोसायक्लिनने आधी आशा दाखवली, पण २०१८ मध्ये ब्रिटनमधील २०७ रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीत त्याचा काहीही फायदा आढळला नाही. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅबही लहान चाचणीत उपयोगी ठरले नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याच्या भारती विद्यापीठातील इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स या संस्थेत प्रभाकर रांजेकर आणि अमेरिकेतील जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील साहेबराव महाडिक यांनी मिळून रुग्णांच्या तांबड्या पेशींतील स्निग्धाम्ले आणि शरीरातील ऑक्सिडीकरणाचा ताण यांचा अभ्यास केला. दाहाचे अनेक रेणू याच स्निग्धाम्लांपासून बनतात. पाश्चात्त्य देशांत कधीच औषध न घेतलेला रुग्ण मिळणे अवघड असते. भारतात उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णांमुळे ते शक्य झाले, ही त्यातली एक कडवट बाजू. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ स्निग्धाम्ले आणि ई व क ही जीवनसत्त्वे दिली गेली. लक्षणे कमी झाली आणि पूरक गोळ्या थांबवल्यानंतरही सुधारणा बरीचशी टिकली. पण तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा रुग्णांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे निकाल दिशादर्शक म्हणूनच घ्यावा लागतो. २०१० मध्ये व्हिएन्नातील ८१ तरुणांच्या चाचणीत ओमेगा-३ ने आजार रोखल्यासारखे दिसले. अनेक देशांत झालेल्या २०१७ च्या मोठ्या चाचणीत ते पुन्हा दिसले नाही.

वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात हळदीचे मोठे पीक आहे, तेव्हा हळदीबद्दल विचारणा होणे साहजिक आहे. हळदीतले कुरकुमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते हे खरे. पण ते आतड्यातून फार कमी शोषले जाते. नेहमीच्या औषधांसोबत कुरकुमिन दिलेल्या काही लहान चाचण्या झाल्या आहेत, त्यांवरून कोणतीही शिफारस करता येत नाही. जेवणातली हळद चालू ठेवावी, औषधाऐवजी घेऊ नये.

रुग्णाच्या रोजच्या काळजीत प्रतिकारयंत्रणेचा सर्वांत थेट संबंध क्लोझापिनशी येतो. इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी हे सर्वांत प्रभावी औषध आहे. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने गुण आला, क्लोरप्रोमाझिनने केवळ ४ टक्क्यांना. पण क्वचित ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी करते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यामुळे मृत्यू झाले होते. म्हणून पहिले काही महिने दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला रक्ततपासणी होते, आणि ती चुकवू नये. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. शिवाय मोठ्या संसर्गात यकृतातले एक विकर मंदावते आणि नेहमीच्या डोसातही क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते. तापात असा रुग्ण गुंगू लागला, अडखळू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. अचानक बिडी सोडल्यासही पातळी वाढते.

स्किझोफ्रेनिया असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षे आधी मरतात. त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, संसर्ग अशा शरीराच्या आजारांनी होतात. कोविडच्या साथीत न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे २.७ पट निघाला. प्रतिकारयंत्रणेचा विषय संशोधनापुरता नाही, हे यावरून दिसते. मनोविकारतज्ज्ञाने रक्तदाब, साखर, वजन पाहावे आणि गावातल्या डॉक्टरने ‘हा वेडा आहे’ म्हणून त्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये. लसीकरणाच्या यादीत या माणसांचे नाव आधी असावे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तीव्र मनोविकारांच्या चार रुग्णांपैकी तिघे उपचाराबाहेर होते. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी आणि तिचे संस्थापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ या चित्रपटाने शहरांत जाणीव वाढवली. आता ती तालुक्यांच्या दवाखान्यांत आणि आशाताईंच्या वहीत उतरायला हवी. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो प्रत्येक घराने लिहून ठेवावा. घरातल्या तरुण मुलाचे किंवा मुलीचे बोलणे-वागणे काही दिवसांत बदलले, सोबत ताप, झटके किंवा गुंगी असली, तर दुसऱ्या कोणाकडे नेण्याआधी त्याला किंवा तिला रुग्णालयात न्यावे.